मापाची मेजवानी

जिवलग मित्रांच्या सहवासात दोन घास सुखाने खावेत, पेलाभर द्राक्षारस घ्यावा आणि शहराची दगदग मागे टाकून दोन-तीन दिवस एखाद्या मळ्यावर घालवावेत, या इच्छेत ख्रिस्ती माणसाला लाज वाटावी असे काही आहे काय? या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आपल्या समाजात ऐकू येतात. एका उत्तरानुसार हा सारा देहाचा चोचला आहे. भाविकाने त्यापासून दूर राहावे, हे बरे. दुसऱ्या उत्तरानुसार परमेश्वराने दिलेले भोगावे, त्यात विचार कसला करायचा? ही दोन्ही उत्तरे आळशीपणाची आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या ग्रंथाने हा प्रश्न गंभीरपणे व तरीही हसतखेळत हाताळला, त्याचा परिचय आणि परीक्षण येथे करावयाचे आहे. तो ग्रंथ म्हणजे संत अगस्तीन यांचा 'दे बेआता वीता', अर्थात 'सुखी जीवनाविषयी' हा छोटेखानी संवाद. 'कन्फेशन्स' आपल्याकडे निदान नावाने तरी परिचित आहे. हा संवाद मात्र सेमिनरीच्या भिंतींबाहेर फारसा आलेला नाही.

ग्रंथाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याविना त्याची गोडी कळत नाही. इ.स. 386 च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मिलान नगरीत वक्तृत्वशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या अगस्तीन यांचे मनःपरिवर्तन झाले. नोकरी सोडायची हे ठरले. परंतु गाजावाजा नको म्हणून त्यांनी द्राक्षे खुडण्याच्या हंगामाची सुट्टी लागेपर्यंत वाट पाहिली. छातीचे दुखणे आणि श्वासाचा त्रास होताच. वेरेकुंदस नावाच्या मित्राने कास्सिचिआकुम येथील आपले शेतघर त्यांना राहावयास दिले. हे स्थळ मिलानच्या उत्तरेस नेमके कोठे होते, याविषयी विद्वानांत अजून एकमत नाही. तेथे अगस्तीन यांच्यासोबत त्यांची माता मोनिका, बंधू नाविगियस, पुत्र अदेओदातस, त्रिगेतियस व लिसेंतियस हे दोन शिष्य आणि लास्तिदियानस व रुस्तिकस हे दोन चुलत-मावस नात्यातले बंधू राहिले. परममित्र अलिपियस हाही त्या घरातला. मात्र प्रस्तुत संवादाच्या वेळी तो उपस्थित नव्हता.

या वास्तव्यातून जे संवाद निपजले, त्यांत शेतघराचा श्वास आहे. दिवसाचा काही भाग शेतीची कामे पाहण्यात जाई, काही भाग व्हर्जिलच्या वाचनात. रात्री पाटाच्या पाण्याचा आवाज मध्येच का बदलतो, यावर विचार चाले. लिसेंतियस अंथरुणाशेजारी लाकूड आपटून उंदरांना पळवी. हाच लिसेंतियस भलत्या ठिकाणी बसून स्तोत्र गातो, म्हणून मोनिकामाता त्याला रागावतात. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात असे तपशील सहसा सापडत नाहीत. शीघ्रलेखक बोललेले टिपून घेत असत, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

'सुखी जीवनाविषयी' या संवादाचे निमित्त अगदी घरगुती आहे. 13 नोव्हेंबर हा अगस्तीन यांचा बत्तिसावा वाढदिवस. बुद्धीला जडपणा येणार नाही इतपत हलके जेवण झाले आणि मंडळी स्नानगृहात जमली. आभाळ भरलेले असल्याने तीच निवांत जागा होती. यजमान म्हणाले, देहाला वाढले. आता मनालाही काही वाढू या. अशा रीतीने वाढदिवसाची पंगत तीन दिवस चालली. पहिले दोन दिवस ती स्नानगृहात बसली, तिसऱ्या दिवशी ढग पांगल्यावर जवळच्या हिरवळीवर. मेजवानीचे हे रूपक ग्रंथाच्या अखेरपर्यंत सुटत नाही. पानात काय वाढायचे, कोणाला काय पचेल, किती वाढून थांबायचे, या भाषेतच सारा युक्तिवाद चालतो. नाविगियसला प्लीहेचा विकार आहे; त्याला हे गोड चालेल ना, अशी थट्टाही होते.

युक्तिवादाची वाट सरळ आहे. सुखी व्हावे असे सर्वांना वाटते. ज्याला हवे ते मिळाले तो सुखी काय? मोनिकामाता तत्काळ उत्तर देतात: चांगले हवे असेल आणि ते मिळाले तर तो सुखी, वाईट हवे असेल तर मिळूनही तो दुःखीच. तत्त्वज्ञानाचा गडच तू सर केलास, असे पुत्र त्यांना म्हणतो. पुढे प्रश्न येतो की, जे नष्ट होऊ शकते त्याच्या आधारावर कोणी सुखी होऊ शकेल काय? गमावण्याचे भय असेल तेथे सुख कसले? म्हणून जे नित्य आहे ते, म्हणजेच परमेश्वर, ज्याच्यापाशी आहे तो सुखी. मग परमेश्वर कोणापाशी असतो? लिसेंतियस म्हणतो, जो नीट जगतो त्याच्यापाशी. त्रिगेतियस म्हणतो, जो त्याची इच्छा पार पाडतो त्याच्यापाशी. आणि पंगतीतला सर्वांत लहान अदेओदातस म्हणतो, ज्याच्या ठायी अशुद्ध आत्मा नाही त्याच्यापाशी. नातवाचे उत्तर आजीला सर्वांत अधिक आवडते.

या ग्रंथाची खरी नायिका मोनिकामाता होत. त्यांना शिक्षण नाही, ग्रंथांची नावे ठाऊक नाहीत. दुसऱ्या एका संवादात, मला कशाला पुस्तकात घालता, असे त्या विचारतात. तरीही नेमका घाव त्याच घालतात. ज्ञान हेच मनाचे अन्न आहे, या विधानाविषयी त्रिगेतियस शंका घेतो, तेव्हा त्या त्याला त्याच दिवशीच्या जेवणाची आठवण देतात. कोणत्या भांड्यातून वाढले जात आहे, हे तुला बऱ्याच वेळाने कळले, कारण मन दुसरीकडे होते. हात आणि दात मात्र थांबले नव्हते. मग तेवढा वेळ तुझे मन काय खात होते? एवढ्या साध्या निरीक्षणात जेवणाविषयीचे अर्धे तत्त्वज्ञान आले. आज भोजनाच्या मेजावर प्रत्येकाच्या हाती मोबाइल असतो आणि घास न पाहताच तोंडात जातो. मातेचा प्रश्न आपल्यालाही चुकवता येणार नाही.

तिसऱ्या दिवशीची ओराताची चर्चा हा ग्रंथाचा कळस होय. सेर्गियस ओराता हा जुन्या काळातला रोमन धनिक, कालवांच्या शेतीसाठी आणि चैनीसाठी प्रसिद्ध. सिसेरोच्या लेखनातून अगस्तीन त्याला पंगतीत आणतात. त्याच्यापाशी धन होते, आरोग्य होते, मित्र होते, उत्तम खाणेपिणे होते. त्याला अधिक काही नकोच होते, असे धरून चालू. मग त्याला कशाची वाण होती? कोणी म्हणतो, गमावण्याची भीती होती. परंतु भीती म्हणजे वाण नव्हे. पेच सुटत नाही, तेव्हा मोनिकामाता म्हणतात की, त्याला शहाणपणाची वाण होती. चांदी किंवा पैसा नसता तर त्याला गरजू म्हटले असते. मग शहाणपण नाही म्हणून गरजू का म्हणू नये? सारे जण आनंदाने उद्गारतात. पुत्र कबूल करतात की, हेच वाक्य तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून काढून शेवटचे पक्वान्न म्हणून वाढण्यासाठी त्यांनी राखून ठेवले होते.

येथे अगस्तीन ओराताची कालवे निंद्य ठरवीत नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दोष कालवांचा नव्हे, मापाचा आहे. शहाणपण म्हणजे मनाचे माप: अतिरेकाने उतू न जाणे आणि उणेपणाने आक्रसून न जाणे. जो भोगात वाहून जातो त्याने माप सोडले. जो भयाने हात आखडतो त्यानेही सोडले. आरंभी सांगितलेली दोन्ही ठरीव उत्तरे या एका कसोटीवर उतरत नाहीत.

मोनिकामातांना हे माप अनुभवातून कळले होते. त्यांच्या बालपणीची हकीकत 'कन्फेशन्स'च्या नवव्या भागात आहे. पिंपातून द्राक्षारस काढावयास पाठवलेली ही मुलगी आधी ओठ ओले करी, पुढे पेले रिते करू लागली. दासीने भांडणात टोचून बोलल्यावर ती भानावर आली. पुढे आफ्रिकेच्या रिवाजानुसार त्या हुतात्म्यांच्या कबरींवर अन्न आणि द्राक्षारस नेत. पाणी घातलेल्या एकाच लहान पेल्यातून सर्वांसोबत घोट घोट घेत. मिलानला बिशप अँब्रोज यांनी हा रिवाज बंद केल्याचे कळताच त्यांनी टोपली खाली ठेवली. द्राक्षारस घेणे आणि सोडणे, दोन्ही ज्याला साधते त्याच्यापाशी माप आहे.

आता उणिवांकडे वळू. या मेजवानीत प्रत्यक्ष अन्न जवळजवळ अदृश्य आहे. जेवण हलके होते एवढेच कळते. काय शिजले, कोणी शिजवले, हे कळत नाही. दुसऱ्या एका संवादात मोनिकामाता मंडळींना जेवायला अक्षरशः पिटाळतात, तेव्हा घर कोणाच्या खांद्यावर चालले होते याची झलक मिळते. देहाला पायरी म्हणून वापरावे आणि वर चढताच विसरावे, असा काहीसा प्रकार येथे होतो. हा आक्षेप केवळ आमचा नव्हे. इ.स. 426-427 च्या सुमारास, आपल्या साऱ्या ग्रंथांचे पुनरावलोकन करताना, वृद्ध अगस्तीन यांनी स्वतःच या संवादात दोष दाखवला. देहाची स्थिती काहीही असो, सुखी जीवन ज्ञानी पुरुषाच्या मनातच वसते, असे आपण लिहिले ते योग्य नव्हते, असे ते म्हणतात. कारण पूर्ण सुख पुढील जीवनातले आहे आणि तेथे देहही अविनाशी होणार आहे. तरुण तत्त्वज्ञाने दाराबाहेर ठेवलेल्या देहाला वृद्ध बिशपाने आत बोलावले.

दुसरी उणीव अनुपस्थितांची. अदेओदातस पंगतीत आहे. त्याची आई नाही. अनेक वर्षांच्या सहवासानंतर तिला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले होते. तिचे नावही अगस्तीन कोठे सांगत नाहीत. आणि ज्याचे घर, तो वेरेकुंदस कोठे आहे? मित्रांच्या निर्णयाने तो खिन्न झाला होता. पत्नी ख्रिस्ती असूनही विवाहामुळे आपल्याला या मार्गाने येता येत नाही, असे त्याला वाटे. त्याने घर दिले. आनंदात मात्र त्याला सहभागी होता आले नाही. पुढे आजारपणात स्नानसंस्कार घेऊन तो मरण पावला. प्रस्तुत संवाद त्याच्याविषयी काही बोलत नाही. 'कन्फेशन्स' मात्र कृतज्ञतेने बोलतो आणि त्या घराची परतफेड परमेश्वराने करावी अशी प्रार्थना करतो. कोणत्याही रमणीय सहलीचे परीक्षण करताना हा प्रश्न विचारावा लागतो: या सुखासाठी कोणी काय दिले, आणि कोण बाहेर राहिले?

या प्रश्नाचे उत्तर अगस्तीन यांनी लेखणीने दिले त्याहून अधिक चांगले आपल्या मेजावर दिले. त्यांचे चरित्रकार पोसिदियस लिहितात की, बिशप अगस्तीन यांच्या जेवणात भाजीपाला असे, पाहुण्यांसाठी व अशक्तांसाठी कधी मांसही असे आणि द्राक्षारस नेहमीच असे. चमचे चांदीचे, बाकी भांडी मातीची, लाकडाची किंवा संगमरवराची. तीही दारिद्र्यामुळे नव्हे, स्वखुशीने. खाण्यापिण्यापेक्षा वाचन आणि चर्चा त्यांना अधिक प्रिय असे. मेजावर पद्याच्या ओळी कोरलेल्या होत्या: अनुपस्थितांची निंदा करणाऱ्याला येथे जागा नाही. काही बिशपमित्र हे विसरले, तेव्हा त्यांनी बजावले की, एक तर या ओळी पुसा, नाहीतर मी मेजावरून उठतो. कास्सिचिआकुमच्या पंगतीत जे नव्हते ते येथे आले. अनुपस्थित माणसालाही या मेजावर आसन मिळाले.

आपल्या वसईच्या समाजात आता शनिवार-रविवारच्या सहली सर्रास झाल्या आहेत. कोणी नाशिकच्या द्राक्षमळ्यांवर जातात, कोणी समुद्रकाठच्या रिसॉर्टवर. काही धर्मगुरू यावर प्रवचनांतून कोरडे ओढतात. काना गावच्या लग्नात सहा रांजण काठोकाठ भरणाऱ्या प्रभूच्या शिष्यांनी सरसकट निषेध करणे शोभत नाही. परंतु परतताना तीन गोष्टी स्वतःला विचारता येतील. मन पानावर आणि शेजाऱ्यावर होते काय? जो सोबत नव्हता त्याची अब्रू शाबूत राहिली काय? आणि घरच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या हातांना विसावा मिळाला काय?

तिसऱ्या दिवशी मोनिकामाता बिशप अँब्रोज यांच्या स्तोत्राचा आधार घेऊन श्रद्धा, आशा व प्रीती यांवर बोलतात आणि अगस्तीन पंगत आवरती घेतात. मापाविषयीची मेजवानी मापातच संपावी, हे उचितच. त्रिगेतियस म्हणतो, या मापाने आम्हाला रोज वाढाल तर किती बरे होईल! अगस्तीन उत्तर देतात की, देवाकडे परतायचे मनात असेल तर माप सर्वत्र पाळा आणि सर्वत्र त्याच्यावर प्रेम करा. नियम पाळणे एक वेळ जमते. मापावर प्रेम करणे अवघड. ते प्रेम मित्रांच्या पंगतीत शिकता येते, हे या लहानशा ग्रंथाने दाखवले. त्याचा एक चांगला मराठी अनुवाद कोणी करील तर आपल्या वाचकांवर उपकार होतील.