खिळे, घाम आणि तारण : यॉर्कची ख्रिस्तशरीर-नाटके

मध्ययुगीन समाजावरील ख्रिस्तसभेच्या प्रभावाचा विषय निघाला की दोन ठरावीक चित्रे आपल्यापुढे ठेवली जातात. एकात पोपमहोदय सम्राटाला बहिष्कृत करीत असतात, दुसऱ्यात कॅथेड्रलचे कळस आभाळाला भिडलेले असतात. दोन्ही चित्रे खरी आहेत. पण दोहोंतही सामान्य माणूस कोपऱ्यात गुडघे टेकून मुकाट बसलेला आढळतो. त्याचा आवाज ऐकायचा असेल, तर इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या नाटकांकडे वळावे लागते.

ख्रिस्तशरीराचा सण ही मुळात एका संन्यासिनीच्या ध्यासाची देणगी. लिएजच्या ज्युलियानाच्या आग्रहातून १२४६ साली तेथील महागुरूंनी तो आपल्या धर्मप्रांतात सुरू केला आणि १२६४ साली पोप चौथे अर्बन यांनी तो अखिल ख्रिस्तसभेसाठी घोषित केला. सणाबरोबर मिरवणूक आली. वेदीवरचे पवित्र साक्रामेंत रस्त्यावर आले, आणि रस्ता तर लोहार-सुतारांचा, पाववाल्यांचा आणि कसायांचा! यॉर्कमध्ये या सणाच्या नाट्यगाड्यांची नोंद १३७६ पासून सापडते. विश्वाच्या निर्मितीपासून अंतिम न्यायापर्यंतची तारणकथा सुमारे पन्नास छोट्या नाटकांत विभागलेली होती आणि एकेका नाटकाचा भार एकेका गिल्डने, म्हणजे व्यवसायबंधूंच्या संघाने, उचललेला होता. पहाटे साडेचारला पहिली गाडी निघे. साधारण बारा ठरलेल्या ठिकाणी थांबून प्रत्येक गाडी आपला प्रवेश पुन्हा पुन्हा सादर करी. भाषा लॅटिन नव्हती. उत्तर इंग्लंडच्या लोकांच्या तोंडची होती.

नाटकांच्या वाटपात मिस्कील औचित्य आहे. नोहाचे तारू जहाज बांधणाऱ्यांनी बांधायचे, जलप्रलय कोळी आणि खलाशांनी दाखवायचा, शेवटच्या भोजनाचा मान पाववाल्यांचा. क्रूसारोहणाचा प्रवेश कोणाकडे? टाचण्या आणि खिळे घडविणाऱ्यांकडे.

हा प्रवेश जेमतेम तीनशे ओळींचा आहे. माझ्या मते मध्ययुगीन नाट्यवाङ्मयात त्याच्या तोडीचे फार थोडे आहे. चार शिपाई येतात. ते क्रूर राक्षस नाहीत. कामावर आलेले मजूर आहेत. येशू थोडे शब्द बोलून स्वतःच क्रूसावर आडवा होतो, आणि मग कितीतरी वेळ तो गप्प असतो. बोलतात ते शिपाई. एक हात बसतो, दुसरा छिद्रापर्यंत पोहोचत नाही; मापच चुकलेले असते. मग दोर बांधून अवयव ताणायचे. क्रूस उचलताना खांद्यांना रग लागते, दम लागतो, एकमेकांवर कामचुकारपणाचे आरोप होतात. खड्डा रुंद झालेला, क्रूस डगमगतो, पाचरी ठोका! कारागिराच्या रोजच्या कुरकुरीचा हा अस्सल सूर प्रेक्षकांच्या परिचयाचा होता, आणि त्यांना हसूही येत असावे. येशू गाडीच्या फळीवर पडलेला असल्याने खालच्या गर्दीला तो धड दिसतही नसेल. एवढ्यात क्रूस उभा राहतो. वरून येशू त्याच रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना हाक मारतो, माझ्या यातना पाहा म्हणतो, आणि त्या मजुरांसाठी पित्याकडे क्षमा मागतो. आपण आतापर्यंत कशाला हसत होतो, हे प्रेक्षकाला त्या क्षणी उमगते. पाप म्हणजे अचाट दुष्टपणाच असे नाही, कामाच्या नादात समोरचा माणूस न दिसणे हेही पापच, ही शिकवण येथे एकाही धर्मगुरूच्या तोंडी न घालता दिली आहे.

शेवटचा प्रवेश अंतिम न्यायाचा. तो शहरातील सर्वांत धनाढ्य मर्सर व्यापाऱ्यांकडे होता. त्यांच्या साहित्याची १४३३ सालची यादी उपलब्ध आहे. तिच्यात नरकाचे मुख आहे, सैतानांचे मुखवटे आहेत, आणि दोरीने स्वर्गात पळविण्याचे नऊ छोटे लाल रंगविलेले देवदूत आहेत. या थाटामाटात जो न्याय होतो तो मत्तयाच्या शुभवर्तमानातला : भुकेल्याला अन्न दिले की नाही, उघड्याला वस्त्र दिले की नाही. हे व्यापाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने भर रस्त्यात वदवून घ्यावे, यात ढोंग शोधणारे शोधोत. त्यांच्या सभागृहाच्या तळघरात गोरगरिबांसाठी आश्रयगृह चाले, हेही नोंदलेले बरे. मात्र सारे सोवळे नव्हते. आपल्या दारापुढे गाडी थांबावी म्हणून पैसेवाले नगरपालिकेला रक्कम मोजत. १४२६ साली विल्यम मेल्टन या फ्रान्सिस्कन धर्मबंधूने प्रवचनात या नाटकांची स्तुती केली. पण लोक खाण्यापिण्यात दंग होऊन सणाच्या उपासनेला मुकतात, म्हणून नाटक आणि मिरवणूक वेगवेगळ्या दिवशी व्हावी, असे त्याने सुचविले.

याहून गडद बाजू आपण टाळू नये. याच यॉर्कमध्ये मार्च ११९० मध्ये किल्ल्यात आश्रय घेतलेले सुमारे दीडशे यहुदी प्राणांस मुकले. कित्येकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा मरण जवळ केले. १२९० साली तर राजाज्ञेने सर्व यहुद्यांना इंग्लंडबाहेर घालविण्यात आले. म्हणजे ही नाटके रंगली तेव्हा शहरात यहुदी उरले नव्हते; रंगमंचावर मात्र ते खलनायक म्हणून हजर होते. पवित्र मारियेच्या अंत्ययात्रेच्या एका प्रवेशात शवपेटीला हात घालणाऱ्या यहुद्याचा हात तिथेच चिकटतो. हा प्रवेश गवंड्यांकडे होता. १४३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनीच तक्रार केली, की ही कथा बायबलात नाही आणि तिच्याने भक्तीपेक्षा हशा आणि मारामाऱ्याच अधिक होतात. त्यांना यहुद्यांचा कळवळा होता असे नव्हे. तरीही पवित्र शास्त्राचा हवाला देऊन ‘हे आमच्याने होणार नाही’ असे सांगण्याइतका धर्म गवंड्यांच्या अंगी मुरला होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. यहुद्यांना सरसकट दोषी धरू नये, असे ख्रिस्तसभेने अधिकृतपणे सांगायला मात्र १९६५ साल, दुसरी व्हॅटिकन परिषद, उजाडावी लागली.

धर्मक्रांतीनंतर इंग्लंडमधून हा सणच रद्द झाला. प्रथम मारियेच्या सन्मानाचे प्रवेश गळले, आणि १५६९ नंतर संपूर्ण नाटकमालाच थांबली. १५८० साली नागरिकांनी ती पुन्हा करण्याची विनंती केली, ती फळाला आली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश येशूसंघीय गोव्यात उतरला होता. पुढे १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. तारणकथा लोकांच्या बोलीत सांगण्याचा मार्ग यॉर्कमध्ये बंद होत असताना आपल्या किनाऱ्यावर उघडत होता.

१९५१ साली यॉर्कमध्ये सेंट मेरीज मठाच्या भग्नावशेषांत ही नाटके पुन्हा उभी राहिली. १९९४ साली त्या रस्त्यांवर गाड्या परतल्या, आणि १९९८ पासून शहरातील गिल्डांनीच त्या ओढायला घेतल्या. ख्रिस्ताच्या मृत्यूचा प्रवेश पूर्वी कसायांच्या संघाकडे होता. आता तो पुन्हा त्यांच्याकडेच आला आहे.