‘तू’ची परतफेड

मराठीत ‘प्लीज’ला शब्द नाही, ही तक्रार मी कॉलेजपासून ऐकत आले आहे. ‘कृपया’ आहे, पण तो पाटीवर राहतो: कृपया चपला बाहेर काढाव्यात, कृपया रांगेत उभे राहावे. जेवताना कुणी ‘कृपया मीठ द्या’ म्हणालं, तर पंगतीतली सगळी माणसं हसतील. ‘धन्यवाद’चीही तीच गत. तो भाषणाच्या शेवटी येतो, आईनं पाण्याचा तांब्या पुढे केल्यावर येत नाही. एवढ्यावरून मराठी माणसाला बोलायची रीत नाही, असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. हल्ली त्याला दुसरी तक्रार जोडली जाते: मोबाइल आला आणि नव्या पिढीची उरलीसुरली रीतही गेली.

मला दोन्ही तक्रारी पटत नाहीत. मराठीची रीत सुट्या शब्दांत फारशी नसते. ती क्रियापदाच्या शेपटात असते आणि सर्वनामात असते. तिथं ती कधी फार देखणी असते, कधी फार क्रूर. हे दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय ‘आता रीत राहिली नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. कोणती रीत, आणि कुणाच्या सोयीची, हे आधी विचारायला हवं.

साध्या गप्पांची अशी चिकित्सा करायची आपल्याला सवय नाही. समीक्षा करायची ती कविता-कादंबरीची. बोलणं वाऱ्यावर जातं. पण मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीला जो मोठा ग्रंथ उभा आहे, तो बोलण्याच्या नोंदींचाच आहे. तेराव्या शतकातलं ‘लीळाचरित्र’ म्हणजे म्हाइंभटानं माणसांना भेटून, विचारून गोळा केलेल्या आठवणी, आणि त्यात ठिकठिकाणी संवाद. कोण कुणाला काय म्हणालं, हे जपून ठेवण्याजोगं आहे, असं त्याला वाटलं. त्याच न्यायानं मी द्वारकेला कान देते.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, ही कृष्णाची द्वारका नव्हे. हा आमचा चौक. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथं एकमेकांना छेदतात. वरून उड्डाणपूल जातो, खाली ट्रक, बस आणि शेअर रिक्षा एकमेकांच्या अंगावर येत असतात. मालेगाव-धुळ्याकडून आलेली अहिराणी वळणाची मराठी, सिन्नरकडची मराठी आणि जुन्या नाशकातली हिंदी-उर्दू एकाच कोपऱ्यावर ऐकू येते. एकमेकांना अजिबात न ओळखणारी माणसं इथं दिवसभर एकमेकांशी बोलतात. बोलण्याची रीत तपासायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

नाशिकरोडच्या रिक्षाजवळ गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठं जायचंय?’ हे वाक्य मला फार आवडतं. त्यात ‘तू’ नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. जाणारा कोण, याचा वाक्यात पत्ताच नाही. समोरच्याचं वय, कपडे, ऐपत काहीही न ताडता चालक त्याच्याशी बोलू शकतो. ‘थोडं सरकायचं का?’ हेही तसंच. आणि ‘सुट्टे असतील का?’ हे तर त्याहून भारी. ‘सुट्टे द्या’ ही आज्ञा झाली. ‘असतील का’ म्हटल्यावर मागणीची चौकशी होते. नसतील तर नाही म्हणायला समोरच्याला वाट मोकळी राहते. मराठीतलं ‘प्लीज’ हे असं असतं. ते वेगळं उभं राहत नाही, मिठासारखं वाक्यात विरघळलेलं असतं.

निरोपाचंही तसंच. ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याला कुणीतरी लहानपणी शिकवलेलं असतं. चहाच्या टपरीवर दहा मिनिटं शेजारी उभा राहिलेला अनोळखी माणूसही निघताना ‘चला, येतो’ म्हणतो. तो येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. ‘जेवण झालं का?’ या प्रश्नालाही जेवणाबद्दलचं उत्तर नको असतं. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ साली अशा बोलण्याकडे लक्ष वेधलं. माहिती देणं हे या बोलण्याचं काम नाही. आपण एकमेकांना शत्रू नाही, एवढं सांगणं हे त्याचं काम. ज्याला आपण ‘टाइमपास’ म्हणतो, त्यावर चौक चालतो.

आता दुसरी बाजू. त्याच टपरीवर तिशीतलं गिऱ्हाईक पन्नाशीतल्या टपरीवाल्याला म्हणतं, ‘ए, दोन कटिंग दे.’ टपरीवाला ग्लास पुढे करत म्हणतो, ‘घ्या साहेब.’ एक ‘दे’ आणि एक ‘घ्या’. दोन क्रियापदांत दोघांची पायरी ठरून गेली. कुणी आवाज चढवलेला नाही, शिवी दिलेली नाही. दोघांनाही यात काही घडलं असं वाटत नाही. मला खटकतं ते नेमकं हेच.

‘तू’ हा शब्द मुळात वाईट नाही. आईला आपण ‘तू’ म्हणतो, विठोबालाही ‘तू’ म्हणतो. जिवलग मित्राला एकदम ‘तुम्ही’ म्हटलं, तर काय बिनसलं, असं तो विचारेल. उलट ‘आपण’ हे सगळ्यांत सभ्य सर्वनाम, पण ‘आपण जरा बाहेर थांबता का?’ एवढ्या एका वाक्यानं कुणाचाही पाणउतारा करता येतो. आणि कित्येक बोलींमध्ये मोठ्या माणसालाही सहज ‘तू’ म्हणतात. त्यात अपमान शोधणारा शहरी माणूस स्वतःचंच अज्ञान दाखवत असतो. म्हणजे नुसत्या शब्दावरून जवळीक की तुच्छता, हे कळत नाही.

ते कळतं उत्तरावरून. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांमधल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’वर एक निबंध लिहिला. त्याचा गाभा साधा आहे: दोघंही एकमेकांना सारखंच म्हणत असतील तर ते नातं बरोबरीचं, मग ते जवळचं असो की लांबचं. एकानं ‘तू’ म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘तुम्ही’, तर तिथं सत्ता आहे. मराठीला ही कसोटी चपखल लागते. ‘तू’ परत येतो का, एवढंच बघायचं. आपल्या घरांमधली ‘अहो’ आणि ‘अगं’ ही जोडीही लावून बघा. दोघांमध्ये प्रेम अपार असेल, पण व्याकरण उतरंडीचं आहे.

यावर आपल्याकडचं नेहमीचं उत्तर असं: आम्ही तर सगळ्यांना नात्यानं हाक मारतो. खरंय, आणि त्यात एक मोठेपणही आहे. रात्री उशिरा रिक्षात एकटी असताना चालक ‘ताई, पुढच्या गल्लीत सोडू का?’ म्हणाला की माझे खांदे जरा सैल होतात. मी ‘चालेल दादा’ म्हणते. दोन शब्दांत आमचा करार होतो. मात्र सुरक्षित वाटण्यासाठी बाईला आधी कुणाची तरी बहीण व्हावं लागतं, हेही त्या करारात लिहिलेलं असतं. आणि नाती सगळ्यांना सारखी वाटली जात नाहीत. शेजारची बाई ‘काकू’ होते, भांडी घासायला येणारी ‘मावशी’. दोघींचं वय एकच असेल. आई मावशीशी प्रेमानं वागेल, तिला सणाला साडी देईल, आणि ‘मावशी, तू उद्या लवकर ये’ असंही म्हणेल. काकूंना मात्र ‘या ना’. नात्याची हाक वर राहते आणि क्रियापद खाली घसरतं.

एवढ्याशा शब्दांवरून एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण शब्द एवढेसे असते तर त्यांच्यावर बंदी घालावी लागली नसती. पेशवाईच्या काळात सोनारांनी ब्राह्मणांसारखं निऱ्यांचं धोतर नेसायला आणि भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणायला सुरुवात केली होती. ते बंद पाडण्यात आलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या कारभाऱ्यांकडूनही सोनारांविरुद्ध मनाई हुकूम काढवून घेण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हा प्रसंग नोंदवला आहे. ज्या नमस्काराला आपण आज संस्कार म्हणतो, तो एकेकाळी ज्यानं-त्यानं उच्चारायचा शब्द नव्हता. महारांच्या वाट्याला ‘जोहार’ होता, आणि तो खालून वर जायचा.

द्वारकेहून गोदावरी ओलांडली की पंचवटीत काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला तिथं बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. तो लढा दरवाजाचा होता, तसा तो माणूस म्हणून समोर उभं राहण्याचाही होता. त्याच चळवळीतून रुळलेल्या ‘जय भीम’कडे मी रीत म्हणूनही बघते. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च येतं. आधी कुणी म्हणायचं, वाकायचं किती, हे प्रश्नच उरत नाहीत. नवी रीत घडवता येते, याचा याहून स्पष्ट पुरावा मराठीत नाही.

जगात इतरत्रही हे घडलं आहे. १९६७ साली स्वीडनच्या आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर केलं, की आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार आणि त्यांनीही आपल्याला तेच म्हणावं. बदल आधीच सुरू झाला होता. रेक्सेड त्याचा चेहरा झाले. काही वर्षांत हुद्द्यानं हाक मारायची तिथली जुनी पद्धत मागे पडली.

आता मोबाइलकडे येऊ. टाइप केलेल्या बोलण्यानं रीत बिघडवली, हा आरोप इतिहासाला धरून नाही. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ १९९६ सालचं. तिथं टोपणनावानं वावरणारी माणसं एकमेकांचं वय, गाव, जात काहीच न ओळखता गप्पा मारू लागली. आवाज नाही, चेहरा नाही. थट्टा कुणाला लागली तर कळणार कसं? मग ‘लाइट घ्या’वरून ‘दिवे घ्या’ आलं. पुढे अशा ठिकाणी ‘पुढील लेखनास शुभेच्छा’चं ‘पुलेशु’ झालं. हसायला येतं, पण ही अस्सल मराठी रीतच आहे, गरजेतून आणि कुणाच्याही हुकुमाशिवाय जन्मलेली. समोरचा कोण ते माहीत नसताना माणसं असभ्यच होतात असं नाही. काही वेळा त्यांना जास्त जपून बोलावं लागतं.

बिघाड मला दुसरीकडे दिसतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाचा फोटो आणि आडनाव समोर असतं. तिथं सेक्रेटरी ‘सर’ असतात, प्रत्येक मेसेजच्या शेवटी जोडलेले हात असतात, आणि साठीच्या वॉचमनबद्दल लिहिलेलं असतं, ‘त्याला सांगा, गेट बंद ठेव म्हणावं.’ वॉचमन ग्रुपवर नाही. जो ऐकायला हजर नाही त्याच्यासाठी आपण कोणतं सर्वनाम वापरतो, यात आपली खरी रीत उघडी पडते. तसंच ‘सर’चं. जेवण घेऊन आलेला पंचविशीतला मुलगा एकोणीस वर्षांच्या पोराला ‘सर, खाली आलोय’ म्हणतो. या सौजन्याचं मला कौतुक करवत नाही, कारण त्याच्या डोक्यावर पाच ताऱ्यांची टांगती तलवार आहे. नोकरी जाईल या भीतीनं उच्चारलेल्या आदराला आदर म्हणू नये.

पण त्याच फोनवर मी दुसरंही ऐकते. तुमच्या वयाची मुलं एकमेकांना बेधडक ‘तू’ म्हणतात, सीनियरलाही म्हणतात, आणि तो ऐकूनही घेतात. तीच मुलं दारावर आलेल्या माणसाला ‘दादा, गेटवर ठेवा, प्लीज’ म्हणतात. मराठीला ‘प्लीज’ नको होतं, हे खरं. पण ‘ठेवा’ हवा होता. आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी इथं बहुतेक वेळा ‘ठेव’ असायचा. रीत गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी हा ‘ठेवा’ मोजलेला नाही.

म्हणून जपायचं काय आणि सोडायचं काय, हे मला वेगवेगळं दिसतं. ‘येतो’ जपावं. ‘कुठं जायचंय?’ आणि ‘सुट्टे असतील का?’ जपावं, समोरच्याला मोजल्याशिवाय त्याच्याशी बोलायची ती जुनी, गरीब, हुशार युक्ती आहे. सोडायचा तो एकतर्फी ‘तू’. अनोळखी मोठ्या माणसाला, त्याचं काम कोणतंही असो, ‘तुम्ही’. आणि ‘तू’ म्हणायचंच असेल, तर तो परत ऐकून घ्यायची तयारी.

हे करायला मोहीम लागत नाही. पुढच्या वेळी टपरीवर ‘दोन कटिंग द्या’ म्हणा. चहा तेवढ्याच पैशांत मिळेल आणि टपरीवाला बहुधा काही बोलणारही नाही. शेजारी उभा असलेला मित्र मात्र क्षणभर तुमच्याकडे बघेल. का बघितलं, ते त्याला विचारा. गप्पांना तो विषय चांगला आहे.