रिटोनाव्हिरची बहुरूपता : ‘असाधारण’ या विशेषणाची चिकित्सा

एकाच रेणूने एकाहून अधिक स्फटिकरचना धारण करणे यास बहुरूपता असे म्हणतात. औषधांच्या संदर्भात या विषयाची चर्चा निघाली की एचआयव्हीविरोधी रिटोनाव्हिरचे उदाहरण हटकून दिले जाते. त्याचा मुख्य आधार म्हणजे जॉन बॉअर व सहकाऱ्यांचा २००१ साली ‘फार्मास्युटिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध. त्याच्या शीर्षकातच हे उदाहरण ‘असाधारण’ ठरविले आहे. हे विशेषण कितपत टिकते, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

ॲबट कंपनीचे हे औषध १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. घनस्वरूपात ते शरीरात पुरेसे शोषले जात नसल्यामुळे अल्कोहोल व पाणी यांत विरघळवून कॅप्सूलमध्ये भरले जाई. साहजिकच स्फटिकरूपावर नियंत्रण ठेवण्याची गरज भासली नाही. सुमारे २४० उत्पादन-संच निर्वेधपणे तयार झाले. १९९८ च्या मध्यास मात्र काही संच विद्रावण-चाचणीत अनुत्तीर्ण झाले. कॅप्सूलमध्ये औषधाचे दुसरे, अधिक स्थिर आणि म्हणूनच कमी विद्राव्य रूप अवतरले होते. कॅप्सूलचा पुरवठा थांबला. रुग्णांच्या हाती उरले ते चवीला अत्यंत वाईट असे द्रवरूप औषध.

निबंधाचे खरे सामर्थ्य रेणूच्या विवेचनात आहे. दुसऱ्या रूपात कार्बामेट गटाभोवती रेणूची ठेवण बदलते. ही ठेवण सुट्या रेणूस प्रतिकूल असली, तरी तिच्यामुळे स्फटिकातील हायड्रोजन बंध अधिक बळकट जुळतात. म्हणून या रूपाचे बीज पडणे दुर्मीळ, परंतु एकदा पडले की त्याची वाढ रोखणे कठीण. अपघटनातून निर्माण झालेल्या एका कार्बामेट संयुगाने पहिले बीज पुरविले असावे, हे अनुमानही पटण्याजोगे आहे.

तथापि ‘असाधारण’ म्हटल्याने सारा दोष रेणूच्या विक्षिप्तपणाकडे जातो आणि रूपांचा शोध किती घेतला गेला, हा प्रश्न मागे पडतो. २००३ मध्ये मोरिसेट व सहकाऱ्यांनी २ ग्रॅमहून कमी औषध वापरून सुमारे २,००० प्रयोग केले. त्यांना ज्ञात दोन्ही रूपे मिळालीच, शिवाय तीन नवी मिळाली. अशी स्वयंचलित पद्धती १९९० च्या दशकाच्या मध्यास सहज उपलब्ध नव्हती, हे मान्य करावयास हवे. परंतु दुसऱ्या रूपानंतर २४ वर्षांनी, २०२२ मध्ये, वितळलेल्या रिटोनाव्हिरपासून आणखी एक रूप हाती आले. मग अपवाद कोणता? रेणू, की त्याचा इतका कसून घेतला गेलेला शोध?

रुग्णाच्या दृष्टीने तर प्रश्न निराळाच होता. १९९९ मध्ये आलेली मऊ कॅप्सूल रुग्णाच्या हाती पडेपर्यंत शीतकपाटात ठेवावी लागे. शीतकपाटाची गरज नसलेली रिटोनाव्हिरची गोळी अमेरिकेत मान्य झाली ती २०१० मध्ये. तिच्यात औषध बहुवारिकात अस्फटिकी अवस्थेत राखलेले असते. म्हणजे स्फटिकाचा पेच सुटला तो स्फटिक टाळून! कोविडवरील पॅक्सलोव्हिडमध्ये निर्माट्रेल्व्हिरच्या जोडीला रिटोनाव्हिरचीच गोळी आहे, आणि साठवणकाळात ती स्फटिकू नये याची दक्षता अद्याप घ्यावीच लागते.