एका पत्रकाचे रसग्रहण

साहित्याचे परीक्षण सहसा आरामखुर्चीत बसून होते. प्रस्तुत पत्रकाचे मी बाळकुमच्या आमच्या सोसायटीच्या आवारात, २०१४ साली उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० शेजारी पालथा पडून केले.

मागच्या स्प्रिंगांत घालायच्या रबरी बफरच्या खोक्यात ते निघाले. शैली सुटसुटीत : हँडब्रेक ओढा, जॅक लावा, चाक काढा, बफरला साबणाचे पाणी लावा, वेढ्यांत सरकवा. पाच क्रियापदे आणि विशेषण एकच, तेही रंगाचा वास नसलेले! पण पहिल्याच आज्ञेत लेखक घसरला. अहो, हँडब्रेक धरतो मागची चाके. ती दोन्ही उचलली की तो हवेला धरून बसतो. पुढच्या चाकांना विटा लावायचे सौ.ला सुचले, म्हणून हे परीक्षण छापले जात आहे. नाहीतर श्रद्धांजली छापावी लागली असती.

आशयाचे म्हणाल, तर पत्रकाने 'आराम' कबूल केला आहे. गाडी भरली तरी तिची पाठ गतिरोधकाला टेकत नाही, एवढे खरे. पण स्प्रिंग असते दबण्यासाठीच. वेढ्यांत रबर कोंबले की दबायची जागा गेली. मग खड्ड्याचा दणका जातो कुठे?

कापूरबावडी नाक्यापर्यंत मागच्या सीटवर आई गप्प होती. ती गप्प बसली की समजावे, कंबर बोलते आहे.

घरी येऊन बफर काढले. काढायची कृती मात्र पत्रकात नाही. ही त्यातली सर्वांत मोठी उणीव.

आता गतिरोधकावर गाडी कण्हते. आई नाही.