खाँसाहेबांची पट्टी मी चुकीची लिहिली

माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक परिच्छेद होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी अमुक पट्टीत आहे, त्या उंच पट्टीमुळे आवाजाला बारीक, आर्त धार येते आणि ही धार म्हणजेच किराणा गायकीची ओळख, असं मी ठासून लिहिलं होतं. शेजारी आलेखही जोडला होता. आलेख असला की आपल्याला उगाचच धीर येतो!

तो परिच्छेद आता प्रबंधात नाही. तो का गेला ते सांगते, कारण पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्यांपैकी बरेच जण मला विचारतात, ‘ताई, मी खूप गाणी ऐकतो, खूप वेबसिरीज बघतो. यातून संशोधनाचा विषय निघेल का?’ निघेल की. पण माझं काय झालं ते आधी ऐका.

ही ठुमरी मला शोधून सापडलेली नाही. आष्ट्यात रात्री लाईट गेली होती, मोबाईलवर भीमसेन जोशींचं काहीतरी चालू होतं आणि ते संपल्यावर यूट्यूबनं आपण होऊन पुढची चकती लावली. खरखर, आणि त्या खरखरीतून वर येणारा आवाज. ज्या खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं, ज्यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं, त्यांचा आवाज मी सव्वीस वर्षांची होईपर्यंत ऐकला नव्हता. एसटीनं तासा-दीड तासाच्या अंतरावर मिरज, आणि गाणं आलं ते कुठल्या तरी सर्व्हरवरून. असो.

दुसऱ्या दिवशी मी प्राट हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं, फाईल टाकली, षड्ज मोजला आणि परिच्छेद लिहून मोकळी झाले. गाईडनी एवढंच विचारलं, ‘दुसरी प्रत ऐकलीस का?’ नव्हती ऐकली. ऐकली तर पट्टी वेगळी! तिसरी प्रत आणखी वेगळी. तीच तबकडी, तोच गायक, तेच शब्द.

कारण अगदी साधं आहे. आपण ‘78 आरपीएम’ म्हणतो, पण जुन्या काळी प्रत्येक तबकडी नेमक्या तेवढ्याच फेऱ्यांवर मुद्रित व्हायची असं नाही, आणि डिजिटल प्रत करणारा माणूस ती कुठल्या वेगानं फिरवतो हे त्याच्या यंत्रावर आणि कानावर असतं. मिनिटाला 78 ऐवजी 82 फेऱ्या झाल्या तर आवाज सुमारे पाच टक्के वर चढतो, म्हणजे हार्मोनियमवरच्या जवळजवळ एका पट्टीएवढा. चारच फेऱ्यांचा फरक. सोबत गाणंही आखडतं, 180 सेकंदांचं गाणं 171 सेकंदांत संपतं. म्हणून दोन प्रतींत पट्टीचा फरक दिसला तर दोन्हींचा अवधी बघा. मात्र घड्याळावर नुसती नजर टाकू नका, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोजा, कारण पुढची-मागची खरखर कुणी कापलेली असते, कुणी ठेवलेली असते. जी प्रत चढी आहे ती त्याच प्रमाणात छोटीही असेल तर तो फरक गायकाचा नाही, फिरवणाऱ्याचा आहे.

यात एक गंमत आहे. वेग बदलला तरी दोन स्वरांमधलं नातं बदलत नाही. षड्ज-पंचमाचं गुणोत्तर सगळ्या प्रतींत तेच राहतं. म्हणजे स्वरांतरांवर मी काही लिहिलं असतं तर ते टिकलं असतं. कोसळलं ते नेमकं मला आवडलेलं: ‘बारीक’, ‘आर्त’, ‘धार’. वेग वाढला की आवाजाचा पोतही पातळ होतो, तान जास्त चपळ वाटते. मी ज्याला घराण्याचं सौंदर्य म्हणत होते त्यातलं थोडंसं तरी कुणाच्या तरी टर्नटेबलचं होतं. जुन्या गायकांवरचं रसाळ मराठी लेखन हल्ली वाचताना मी दर विशेषणाशी थांबते. लेखकानं मैफल ऐकली होती की तबकडी? तबकडी असेल तर कुठल्या यंत्रावर? कुणीच सांगत नाही.

या चुकीनं मी एका जुन्या माणसापर्यंत पोचले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी हेच काम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, खुद्द खाँसाहेबांना समोर बसवून केलं होतं. खाँसाहेबांनी गायचं, देवलांनी तारेवर स्वर पकडून मोजायचा. त्यातून 1910 मध्ये बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. पुढे आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि श्रुतींची खास हार्मोनियमही तयार झाली. 1916 साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलाच वाद झाला. भातखंड्यांना हे गणित पटलं नाही.

देवलांना हसणं सोपं आहे, पण माझी हिंमत होत नाही. त्यांच्यासमोर जिवंत गळा होता, माझ्यासमोर कॉपीची कॉपी. त्यांची अडचण वेगळी होती. श्रुती बावीसच, हे ग्रंथांमुळे आधी ठरलेलं होतं आणि खाँसाहेबांच्या गळ्याला फक्त साक्ष द्यायला बोलावलं होतं, असं माझं मत झालंय. पुढे 1963 मध्ये नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्रानं मोजून दाखवलं की एकाच गायनवादनात एकच स्वरसुद्धा दरवेळी त्याच ठिकाणी लागत नाही. मोठ्या कलावंतांचाही नाही. तो बेसूर नसतो, गाणं चालतंच तसं. आता मला सांगा, मी तरी वेगळं काय केलं? किराण्याची ओळख ‘आर्त स्वर’ हे पुस्तकांत वाचून आले होते आणि मोबाईलवरच्या फाईलला साक्षीला उभं केलं.

याच खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी लहानग्या भीमसेननं गदगला ऐकली आणि तो वेडा झाला, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेल. सांगणारा बदलला की दुकानाचं हॉटेल होतं, ते सोडा. मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. 1933 मध्ये अकराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं, ग्वाल्हेर, जालंधर करत फिरले, आणि अखेर कुंदगोळला खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे राहून शिकले. तबकडीनं भूक लावली, जेवण दिलं नाही. कुमार गंधर्वांचं उलट. ते लहानपणी तबकड्यांवरचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवायचे आणि लोक थक्क व्हायचे. ती नक्कल तिथंच थांबली असती तर आज आपण त्यांचं नावही घेतलं नसतं. मुंबईत देवधरांकडे शिक्षण झालं, मग क्षय झाला, देवासला काही वर्षं गाणं बंद झालं. त्या सक्तीच्या गप्प बसण्यात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली आणि त्यांच्या धुनांतून नवे राग उभे राहिले. 1965 चं ‘अनुपरागविलास’ कधीतरी उघडून बघाच. संगीतावर प्रबंध करणाऱ्यांनी तर आधी तेच बघावं, मेथडॉलॉजीची जाड पुस्तकं नंतर.

मी आता एक वही ठेवलीय. काय ऐकलं, कुठल्या प्रतीतून, ती कुणी टाकली, अवधी किती, आणि पहिल्यांदा ऐकताना काय वाटलं. ‘काय वाटलं’ हा रकाना गाईडनी काढू दिला नाही. मी तो लाजून खोडणार होते. ते म्हणाले, राहू दे, फक्त दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याच्याच समोर पुन्हा लिही. झिंझोटीसमोर पहिल्यांदा ‘रडू आलं’ असं आहे. चौथ्यांदा, बरोबर वाटणाऱ्या वेगावर ऐकल्यावर लिहिलंय, ‘रडू नाही आलं. आवाज वाटला होता त्यापेक्षा भरीव आहे. घाई कुठंच नाही. साडेतीन मिनिटांची तबकडी आहे हे या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं का?’

या वहीमुळेच एक गोष्ट दिसली, जी पट्टी मोजत बसले असते तर दिसली नसती. खाँसाहेबांच्या तबकड्यांच्या यादीत त्यागराजांची खरहरप्रियेतली तेलुगू रचना आहे. किराण्याचा माणूस, मिरजेचा रहिवासी, आणि कर्नाटकी कृती! त्यांच्या सरगमवर दक्षिणेचा संस्कार आहे असं आपण पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. 1937 मध्ये ते गेले तेही दक्षिणेच्याच दौऱ्यावर, मद्रासजवळच्या सिंगपेरुमालकोविल स्टेशनवर. मग त्यांना मिरजेला आणलं. ती तेलुगू तबकडी मी आतापर्यंत तीन प्रतींतून ऐकलीय. अवधी तिन्हींचा वेगळा. दुसरं प्रकरण पुन्हा पहिल्या पानापासून लिहितेय आणि सध्या तेलुगू लिपी शिकतेय. ‘क’ आणि ‘श’ मध्ये अजून गोंधळ होतोय.