तेरचे त्रिविक्रम मंदिर : विटांची साक्ष

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर गाव आहे. तेथील त्रिविक्रमाच्या मंदिरात मूर्ती विष्णूची, पूजाही विष्णूची. पण मंदिराच्या मागे जाऊन पाहा. मागची भिंत अर्धवर्तुळात वळते. वरचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे. दर्शनी बाजूला कार्ले-भाज्याच्या लेण्यांतली नालाकृती कमान ओळखू येते. तेथे डोंगर कोरला, येथे वीट रचली, एवढाच फरक. समोरचा सपाट छताचा मंडप नंतरचा.

हेन्री कझेन्स यांनी १९०२-०३ च्या पुरातत्त्व अहवालात ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असल्याचे मांडले. पुढच्या लेखकांनी 'कालांतराने तिचे मंदिरात रूपांतर झाले' एवढे लिहून विषय मिटवला. 'रूपांतर झाले' या क्रियापदाला कर्ता नाही. स्तूप कोठे गेला? भिक्खुसंघ का उठला? दान देणारे हात का आटले? हे सारे प्रश्न व्याकरणातच गाडले गेले. आपली कलासमीक्षा सौंदर्य पाहते, सत्ता पाहत नाही.

मात्र आपणही सावध असले पाहिजे. अर्धवर्तुळाकार मागची बाजू ही केवळ बौद्धांची मिरास नव्हती. आंध्रातील गुडीमल्लमच्या शिवमंदिराचे गर्भगृहही तसेच आहे. म्हणून तेरच्या मंदिराच्या मूळ स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नुसत्या आकारावर दावा उभा केला तर तो एका फटक्यात कोसळेल. आपला पुरावा त्याहून खोल आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे : पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, जेथून कापड गाड्यांनी भडोचला जाई. येथल्या उत्खननात सातवाहनकालीन विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे बुद्ध या गावच्या मातीतच आहे; त्याला एका कमानीच्या आधाराची गरज नाही.

चैत्यगृहातली ती गोलाई स्तूपाभोवती फिरण्यासाठी असते. माणसाने तेथे चालत जावे, वळावे, परत यावे, यासाठी भिंत वळते. विटा भाजणाऱ्या, गारा कालवणाऱ्या हातांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. त्यांचे काम तेवढे उभे आहे.

१९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. इतिहास मात्र आपला आपणच वाचायचा आहे, तोही रागाने नव्हे, पुराव्याने. शिक्षक मित्रांनी मुलांना तेरला न्यावे, मंदिराच्या मागे उभे करावे आणि एवढेच विचारावे : ही भिंत वळली का?