गिटारचा सातबारा

२०१७ मधले माझे आवडते अल्बम सांगायला बसलो खरा, पण इथल्या कुठल्याही अल्बमचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, ‘यात आपलं काय?’ त्या प्रश्नानं डोकं उठलंय.

डेमॉनिक रेझरेक्शनचा ‘दशावतार’ आला आणि जन्मात मेटल न ऐकलेलेही खूश झाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी, म्हणजे हे आपलं! अल्बम चांगलाच आहे. साहिल मखिजाचा हा बँड २००० पासून मुंबईत टिच्चून उभा राहिला, आणि त्या गुरगुराटामागे मांडणीची कडक शिस्त आहे. पण तो चांगला आहे तो रचनेमुळे, विष्णूमुळे नव्हे. याच लोकांनी २०१० साली ‘द रिटर्न टू डार्कनेस’ केला तेव्हा हे भक्तगण कुठे होते?

बाकीचं भराभर. यू-टूच्या अल्बमनं पुन्हा प्रवचन लावलंय. क्वीन्स ऑफ द स्टोन एजनं मार्क रॉनसनला हाताशी धरून केलेला ‘व्हिलन्स’ नाचायला बरा. गटस्लिटचा ‘अॅम्पुथिएटर’ ज्यांना रक्तमांस मानवतं त्यांनी घ्यावा. मास्टोडॉनचा ‘एम्परर ऑफ सँड’ मात्र आत उतरतो. घरच्यांच्या कॅन्सरचं दुःख त्यांनी वाळवंटात भटकणाऱ्या, मृत्युदंड मिळालेल्या माणसाच्या गोष्टीत मुरवलंय.

माझा पहिला नंबर ब्लॅकस्ट्रॅटब्लूजच्या ‘द लास्ट अॅनालॉग जनरेशन’चा. त्यातला वॉरन मेंडोन्सा गात नाही, गिटारला गायला लावतो. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत त्याची गिटार तुम्ही ऐकलेली असते, नाव तेवढं ठाऊक नसतं. इथे ती कुणाच्या मुखड्यामागे उभी नाही. एका सुरावर बोट रोवून तो तार वर ढकलतो, पुढच्या सुराच्या जरा अलीकडे रेंगाळतो आणि मग सावकाश पोचतो. ज्यानं किराणा घराण्याचं गाणं ऐकलंय, त्याला ही मींड ओळखायला चिठ्ठी लागत नाही. जय राव कवीचे ड्रम्सही जागा सोडतात, आणि सोडलेली जागा भरायची घाई कुणालाच नाही. आलापीवर पोसलेल्या कानांना आणखी काय हवं? पण कव्हरवर ना सतार, ना श्लोक; म्हणून हे ‘वेस्टर्न’!

सांताक्रूझच्या वाकोल्यात बसून तर ‘यात आपलं काय?’ हा प्रश्न हास्यास्पदच वाटतो. इथल्या आणि कलिन्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून मराठी बोलीही पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि गिटारही. कुठलं वाद्य कुणाचं, हे ठरवणारे तुम्ही कोण? पेटी युरोपातून आली. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला परकी ठरवून बाहेर काढलं. आज तिच्याशिवाय कीर्तन उभं राहत नाही. बालगंधर्वांच्या नाटकांना ऑर्गनची साथ असे, तेव्हा प्रेक्षकांनी त्याचा सातबारा मागितला होता का? आणि गिटार? मुंबईत १९८६ पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला पोरं घाम गाळत होती. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं ते रंगभवन गप्प झालं, आणि आपलेपणाच्या या ठेकेदारांनी हूं की चूं केलं नाही.

२०१७च्या नोव्हेंबरात एड शीरन आमच्या शेजारच्या बीकेसीत येऊन गेला. त्याची तिकिटं काढताना यांच्यापैकी कुणालाही ‘यात आपलं काय’ हे विचारायचं सुचलं नाही. सांताक्रूझचा पोरगा तीच गिटार घेऊन उभा राहिला की मात्र यांना दशावतार लागतात.